अर्धविरामापुढचा मजकूर

कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंगं लिहून ठेवलेली फाइल, वाचताना गेम काही ओळी न वाचताच पुढे जातो. आयएनआय फाइलमध्ये ओळ अर्धविरामाने सुरू झाली, क्वेकच्या फाइलमध्ये दोन तिरक्या रेघा आल्या किंवा माइनक्राफ्टच्या मॉडच्या (गेममध्ये बाहेरून घातलेल्या बदलाच्या) फाइलमध्ये हॅशचं चिन्ह दिसलं, की त्यापुढे काय लिहिलंय याच्याशी गेमला देणंघेणं नसतं. या ओळींना टिप्पण्या म्हणतात. त्या पुसून टाकल्या तरी गेम तसाच चालेल. मी मात्र नवा मॉड टाकला की सगळ्यात आधी त्याच ओळी वाचते. आकड्यांना हात लावायचा तो त्यानंतर.

मॉड टाकणाऱ्या बहुतेकांची वाट उलटी असते. कुठल्या तरी व्हिडिओत सांगितलेलं असतं की अमुक फाइल उघडा, तमुक ओळ शोधा, शून्याचा एक करा. माणूस तेवढंच करतो, फाइल बंद करतो आणि खेळायला बसतो. काम होतंही. पण दोन ओळी वरच मॉड बनवणाऱ्याने लिहून ठेवलेलं असतं की हे चालू करायचं असेल तर खालचं एक सेटिंग बंद ठेवा, किंवा जुन्या सेव्हवर (साठवून ठेवलेल्या खेळावर) हे वापरू नका. ते वाचलेलंच नसतं. पुढे कधीतरी सेव्ह उघडेनाशी होते आणि खापर मॉडवर फुटतं. मला अशा वेळी मॉड बनवणाऱ्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. त्याने सांगितलं होतं. अगदी जिथे सांगायला हवं तिथेच सांगितलं होतं.

अशा ओळींचं मी पाहिलेलं सर्वांत देखणं उदाहरण २००४ सालच्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास’मध्ये आहे. गेमच्या डेटा फोल्डरमध्ये ‘हँडलिंग डॉट सीएफजी’ नावाची फाइल असते. साध्या नोटपॅडमध्ये उघडते. गेममधलं प्रत्येक वाहन म्हणजे त्या फाइलमधली एक ओळ: आधी वाहनाचं नाव, मग एकापुढे एक आकडे, ओळ संपेपर्यंत. नुसते आकडे पाहून कुणालाही काही उमगणार नाही. पण फाइलच्या माथ्यावर अर्धविराम लावलेल्या ओळींची लांबलचक रांग आहे. प्रत्येक रकान्याला एक अक्षर दिलंय, त्यापुढे रकान्याचं नाव, आणि कंसात तो आकडा कुठून कुठपर्यंत जाऊ शकतो ते. वस्तुमान १.० ते ५००००.०. इंजिनाचा जोर कुठल्या चाकांना मिळतो त्यासाठी तीन पर्याय: एफ म्हणजे पुढची चाकं, आर म्हणजे मागची, ४ म्हणजे चारही. इंजिनासाठी पी, डी, ई, म्हणजे पेट्रोल, डिझेल, इलेक्ट्रिक.

हे ज्यांनी लिहिलं त्यांनी बहुधा टीममधल्या सहकाऱ्यांसाठीच लिहिलं असेल. पण फाइल तशीच्या तशी खेळणाऱ्यांच्या हातात आली आणि त्या माथ्यावरच्या मजकुरामुळे एक वेगळीच शाळा सुरू झाली. वळणावर मागून घसरणारी एखादी गाडी निवडायची, तिच्या ओळीतल्या आरच्या जागी ४ लिहायचं, फाइल सेव्ह करायची, गेम सुरू करायचा आणि तीच गाडी त्याच वेगात त्याच वळणावर न्यायची. फरक हाताला कळतो. मग वस्तुमान दुप्पट करून बघावंसं वाटतं. मग गुरुत्वमध्याच्या तीन रकान्यांकडे लक्ष जातं. पाठ्यपुस्तकातला गुरुत्वमध्य आकृतीतला एक ठिपका होता. इथे त्याची उंची म्हणजे एक आकडा आहे, आणि तो शून्याखाली थोडा ओढला की वळणावर कलंडणारा ट्रक सरळ उभा राहतो. हे एकदा हाताने करून बघितलेलं माणूस जन्मात विसरत नाही.

गेम असा उघडा ठेवणं हा कुणीतरी जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय असतो. १९९३ साली ‘डूम’ आला तेव्हा त्याचा प्रोग्रॅमर जॉन कारमॅक याने गेमचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा कोड, एकीकडे आणि नकाशे, चित्रं, आवाज हा सगळा ऐवज दुसरीकडे, वॅड नावाच्या फाइलमध्ये ठेवला. मूळ फाइलला धक्का न लावता आपली वॅड शेजारी ठेवायची आणि गेमला तिचं नाव सांगायचं, एवढ्यावर नवा नकाशा खेळता यायचा. १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’वर १९९९ मध्ये मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी ‘काउंटर-स्ट्राइक’ उभा केला, तोही आधी मॉड म्हणूनच. २००० साली ‘हाफ-लाइफ’च्याच व्हॉल्व्ह कंपनीने तो स्वतंत्र गेम म्हणून बाजारात आणला. २००२ च्या ‘मॉरोविंड’च्या पीसी आवृत्तीबरोबर तर तो गेम बनवणाऱ्या बेथेस्डाने कन्स्ट्रक्शन सेट हे जग घडवण्याचं साधनच देऊन टाकलं. हा इतिहास पुष्कळांनी पुष्कळदा लिहिला आहे. मला त्यातली एक बारीकशी गोष्ट जास्त आवडते, आणि ती क्वेकच्या कॉन्फिगमध्ये आहे.

१९९६ च्या ‘क्वेक’पासून त्या घराण्यातले गेम बंद होताना तुमची बटणं आणि सेटिंगं ‘कॉन्फिग डॉट सीएफजी’सारख्या फाइलमध्ये स्वतः लिहून काढतात. म्हणजे तुम्ही त्या फाइलमध्ये हाताने काही नीटनेटकं मांडून ठेवलं असेल तर गेम बंद करताना ते सगळं पुन्हा गेमच्या पद्धतीने लिहिलं जाणार. ‘क्वेक २’ आणि ‘क्वेक ३’ यांची अशी फाइल उघडली की पहिल्याच ओळीत दोन तिरक्या रेघांपुढे एक सूचना दिसते. तिचा आशय असा: ही फाइल क्वेकने तयार केली आहे, बदलू नका. तुमचं जे असेल त्यासाठी ‘ऑटोएक्झेक डॉट सीएफजी’ नावाची वेगळी फाइल. गेम सुरू होताना ती वाचली जाते, पण गेम तिच्यात एक अक्षरही लिहीत नाही. ती पूर्ण तुमची.

गेमची फाइल वेगळी आणि माझी फाइल वेगळी, ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. ‘स्कायरिम’चं बघा. २०११ च्या मूळ आवृत्तीत दोन आयएनआय फाइली होत्या आणि लाँचरमधून (गेम सुरू करून देणाऱ्या खिडकीतून) ग्राफिक्सचं एखादं सेटिंग बदललं की हाताने घातलेल्या किमतींवर पाणी फिरण्याची टांगती तलवार असायची. लोक फाइलला रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचता येईल अशी, करून ठेवत. २०१६ च्या स्पेशल एडिशनमध्ये ‘स्कायरिमकस्टम डॉट आयएनआय’ ही तिसरी फाइल वापरता येते. तिच्यातली किंमत मूळ फाइलवर मात करते आणि लाँचर तिच्याकडे फिरकत नाही. ऑटोएक्झेकचीच कल्पना, वीस वर्षांनंतर. माझ्या दृष्टीने कुठल्याही गेमच्या कॉन्फिगला हात घालण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच: ही फाइल कोण लिहितं?

स्कायरिमच्या फाइलींमध्ये आणखी एक उणीव आहे, ती म्हणजे त्या मुक्या आहेत. नावं आणि किमती, बस्स. नावांना शिस्त आहे, हे मान्य: बी ने सुरू होणारं नाव म्हणजे हो किंवा नाही, आय म्हणजे पूर्णांक, एफ म्हणजे दशांश, एस म्हणजे मजकूर. पण कुठल्या आकड्याने काय होईल हे सांगायला एकही ओळ नाही. त्यामुळे ‘यूग्रिड्सटूलोड’ या एका सेटिंगने किती जणांच्या सेव्ह खाल्ल्या असतील याची गणती नाही.

हे सेटिंग नीट बघण्यासारखं आहे. त्याची मूळ किंमत ५. गेमचं जग चौकोनी तुकड्यांत विभागलेलं आहे आणि खेळणारा ज्या तुकड्यात उभा आहे तो मध्यभागी धरून ५ गुणिले ५, म्हणजे २५ तुकडे पूर्ण जागे ठेवले जातात. मधोमध एक तुकडा यायला हवा म्हणून आकडा विषमच लागतो. ५ चे ७ केले की ४९ तुकडे जागे. ९ केले की ८१. लांबचे डोंगर, झाडं, घरं रेखीव दिसायला लागतात, आणि स्क्रीनशॉट पाहून कुणालाही मोह होतो. पण जागा तुकडा म्हणजे नुसतं चित्र नसतं. तिथली माणसं चालायला लागतात, लांडगे शिकारीला निघतात, स्क्रिप्ट धावतात. तुम्ही पोचायच्या आधीच दूरच्या रस्त्यावरची चकमक संपून गेलेली असते आणि तुम्हाला फक्त प्रेतं दिसतात. आणि एकदा ७ वर सेव्ह केलं की परत ५ वर येणं सरळ राहत नाही, कारण ती सेव्ह जास्तीचे तुकडे गृहीत धरून बसलेली असते. त्यातच ‘यूएक्स्टिरियर सेल बफर’ हा जोडीदार आकडाही बदलावा लागतो. त्याचं गणित ग्रिडच्या आकड्यात एक मिळवून वर्ग करायचा, असं: ५ ला ३६, ७ ला ६४. यातलं एक अक्षरही फाइलमध्ये नाही. खेळणाऱ्यांनी वर्षानुवर्षं आपटून आपटून हे शोधलं आणि एकमेकांना सांगितलं. त्या ओळीच्या वर बेथेस्डाच्या कुणी अर्धविराम टाकून ‘वाढवू नका, सेव्ह अडकते’ एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं.

चांगली टिप्पणी कशी असते यावर माझं मत पक्कं आहे. तिने नावाचीच पुनरुक्ती करू नये. ‘कमाल अंतर’ या सेटिंगवर ‘कमाल अंतर किती ते’ असं लिहिलेलं मी इतक्या वेळा वाचलंय की त्याचा राग येतो. टिप्पणीने एकक सांगावं. माइनक्राफ्टमध्ये वेळ टिकमध्ये मोजतात, सेकंदाला २० टिक. दिवस-रात्रीचं पूर्ण चक्र २४००० टिकांचं, म्हणजे २० मिनिटांचं. आता एखाद्या मॉडच्या फाइलमध्ये ‘विलंब = ६००’ असं नुसतं लिहिलेलं असेल तर तो विलंब टिकांमध्ये अर्ध्या मिनिटाचा आणि सेकंदांमध्ये दहा मिनिटांचा. दोन्ही किमती पटण्यासारख्या. माणसाने ठरवायचं कसं? कंसात ‘टिक’ हा एक शब्द असला की सगळा प्रश्न मिटतो. त्यानंतर मर्यादा सांगावी, मूळ किंमत सांगावी, आणि बदल लगेच लागू होतो की गेम पुन्हा सुरू करावा लागतो हेही सांगावं. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे काय मोडू शकतं ते. स्कायरिमच्या मूळ आवृत्तीत ‘आयप्रेझेंटइंटर्व्हल’ १ वरून ० केलं की फ्रेमच्या वेगावरची मर्यादा उठते, पण त्या गेमचं भौतिकशास्त्र सेकंदाला ६० फ्रेम धरून चालतं. वेग त्यावर गेला की खोलीत शिरताच टेबलावरची भांडी आपोआप उडायला लागतात. ग्राफिक्सच्या सेटिंगने भांडी उडतील हे कुणाला सुचणार? हे सांगणारं कुणीतरी लागतंच.

युनिटी इंजिनावरच्या गेमसाठी बेपिनएक्स नावाची मॉड चालवणारी जी चौकट आहे, तिने या बाबतीत मोठं काम केलंय असं मला वाटतं. ‘व्हॅलहाइम’ किंवा ‘लीथल कंपनी’चे मॉड टाकणाऱ्यांना ती परिचयाची असेल. मॉड टाकून गेम एकदा सुरू केला की कॉन्फिग फोल्डरमध्ये फाइल आपोआप तयार होते. त्याआधी शोधली तर सापडत नाही, आणि नवे लोक इथेच अडखळतात. फाइल उघडली की वरती कुठल्या प्लगइनने (म्हणजे मॉडने), कुठल्या आवृत्तीने ती बनवली ते. मग चौकोनी कंसात विभागाचं नाव. मग प्रत्येक सेटिंगवर आधी दोन हॅश लावलेली ओळ, त्याखाली एकेक हॅश लावलेल्या ओळी. एक हॅशवाल्या ओळी चौकटीने स्वतः लिहिलेल्या असतात: किमतीचा प्रकार, मूळ किंमत, चालणारी मर्यादा. म्हणजे मॉड बनवणारा कितीही आळशी असला तरी मूळ किंमत काय होती हे तुम्हाला कळणारच. दोन हॅशवाली ओळ मात्र माणसाची. ती चौकट लिहून देऊ शकत नाही. तिच्यावरून मला मॉड बनवणाऱ्याचा स्वभाव कळतो, असं मी खरंच मानते. तिथे नुसते दोन शब्द असले तर मी तो मॉड जपून वापरते. तिथे कुणी नीट बसून लिहिलं असेल, की हे वाढवलं तर सर्व्हरवर खेळणाऱ्या इतरांना त्रास होऊ शकतो, यजमानाची किंमत सगळ्यांना लागू होते, तर त्या माणसाचे बाकीचे मॉडही मी शोधून काढते.

जेसन या फाइल लिहिण्याच्या पद्धतीत मात्र टिप्पणीची सोयच नाही. जेसन ठरवणाऱ्या डग्लस क्रॉकफर्डने त्यातून टिप्पण्या मुद्दाम काढल्या, कारण लोक त्यांत प्रोग्रॅमसाठीच्या सूचना भरायला लागले होते आणि त्यामुळे एका ठिकाणची फाइल दुसरीकडे चालेनाशी झाली असती. कारण रास्त आहे. पण खेळणाऱ्याच्या हाती येते ती महिरपी कंसांतली कोरडी यादी. ‘स्टारड्यू व्हॅली’च्या बऱ्याच मॉडची कॉन्फिग फाइल जेसनमध्ये असते; तीही पहिल्यांदा गेम सुरू केल्यावरच तयार होते. स्पष्टीकरण वाचायला मॉडसोबतची रीडमी ही माहितीची फाइल उघडावी लागते. शिवाय एक स्वल्पविराम राहिला, की फाइल वाचली जात नाही. स्मॅपी हा त्या गेमचा मॉड-लोडर, आणि गडबड झाली तर त्याच्या काळ्या खिडकीत लाल अक्षरांत कुठल्या मॉडने कुठे मान टाकली ते दिसतं. ती खिडकी घाईने मिटवू नका, एवढंच सांगेन.

इन्स्टॉल करण्याच्या कटकटींवर फार लिहीत नाही, त्या ठरलेल्या आहेत. झिप उघडल्यावर फोल्डरात तेच फोल्डर तयार होतं आणि गेमला मॉड एक पायरी आत असल्याने दिसत नाही. विंडोज फाइलचं शेपूट लपवतं, त्यामुळे ‘आयएनआय’ म्हणून सेव्ह केलेली फाइल प्रत्यक्षात ‘आयएनआय डॉट टीएक्सटी’ असते. जुना गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये असेल तर व्हिस्टापासून विंडोज त्याचं लिखाण परस्पर ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या दुसऱ्या फोल्डरात वळवतं. मग तुम्ही मूळ फाइल कितीही बदला, गेम आपली तिथली प्रत वाचत राहतो. स्कायरिममध्ये एकाच गोष्टीला दोन मॉडने हात लावला तर लोड ऑर्डरमध्ये, म्हणजे मॉड वाचले जाण्याच्या क्रमात, जो नंतर येतो त्याचं चालतं. आणि इतकं सगळं जपूनही गेम क्रॅश होत असेल तर एकेक मॉड काढत बसू नये. अर्धे बंद करावेत. क्रॅश थांबला तर दोषी बंद केलेल्या अर्ध्यात, नाही तर उरलेल्यांत. ६४ मॉड असले तरी सहा वेळा अर्धं केलं की एकावर येता. एकमेकांवर अवलंबून असलेले मॉड तेवढे सोबत ठेवायचे.

माझ्या स्वतःच्या नोंदींबद्दल सांगते. आकडा बदलला की मी तो का बदलला हे लिहून ठेवते. साध्या आयएनआयमध्ये हे सोपं आहे: जुनी ओळ पुसायची नाही, तिच्यापुढे अर्धविराम टाकून ती झोपवायची, खाली नवी लिहायची आणि वर कारण. पण बेपिनएक्स आणि स्मॅपी फाइल पुन्हा आपल्या पद्धतीने लिहून काढतात, तेव्हा आपण हाताने घातलेल्या टिप्पण्या टिकत नाहीत. म्हणून त्या गेमसाठी कॉन्फिग फोल्डरबाहेर एक साधी टेक्स्ट फाइल ठेवते. तिच्यात मॉडचं नाव, आवृत्ती, सेटिंग, आधीची किंमत, आताची किंमत, कारण. कारणाचा रकाना सगळ्यात उपयोगी पडतो. मॉडची नवी आवृत्ती आली की जुनी फाइल बाजूला ठेवायची, गेमला नवी तयार करू द्यायची आणि तुलना करणाऱ्या एडिटरमध्ये दोन्ही शेजारी उघडायच्या. नव्या ओळी रंगात उठून दिसतात. जुनी किंमत डोळे मिटून उचलून आणण्याआधी तिचं कारण बघायचं, कारण पुष्कळदा ज्या त्रासापायी आकडा बदलला होता तो त्रास नव्या आवृत्तीत दूर केलेला असतो.

अलीकडे मी आणखी एक करायला लागले आहे. कितीतरी मॉडचा कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर उघडा असतो. माइनक्राफ्टच्या एका मॉडमध्ये असाच एककाशिवायचा आकडा होता. कोडमध्ये जाऊन पाहिलं तर तो टिकमध्ये मोजला जात होता. मग टिप्पणीत तेवढी भर घालून बदल पाठवला: टिकमध्ये, २० म्हणजे एक सेकंद. मॉड बनवणाऱ्याने तो घेतला. पुढच्या आवृत्तीपासून गेम ज्या ज्या संगणकावर ती फाइल नव्याने तयार करेल तिथे ती ओळ असेल. त्याच फाइलमध्ये आणखी काही सेटिंगांना एकक नाही. त्यातलं एक तर अंतर आहे की तुकड्यांची संख्या, हे मला अजून उलगडलेलं नाही. ते कोडमध्ये सापडलं की तेही पाठवेन.